घोरण्यावरील शस्त्रक्रिया : धंतोलीतील एका रुग्णालयाचा अनुभव

उन्हाळाभर आमच्या घरी यजमानांचे घोरणे कूलरच्या आवाजात दबून जात असे. थंडीत कूलर बंद झाला, तेव्हा लक्षात आले की घोरणे मध्येच थांबते, काही क्षण श्वासच चालत नाही आणि मग ते गुदमरल्यासारखे दचकून श्वास ओढतात. सकाळी जड होणारे डोके, कार्यालयात लागणाऱ्या डुलक्या आणि दोन गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब यांचा या श्वासाशी संबंध असू शकतो, हे आम्हाला नागपूरच्या धंतोलीतील एका कान-नाक-घसा रुग्णालयात समजले.

त्याआधी दुसरीकडे, कोणतीही तपासणी न करता, थेट शस्त्रक्रियेची तारीख देण्यात आली होती. येथील डॉक्टरांनी मात्र आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतील श्वासाची तपासणी, करवून घेतली. किमान दहा सेकंद श्वास थांबणे किंवा तो बराच मंदावणे असे प्रकार तासाला सरासरी किती वेळा होतात, ते तीत मोजतात. पाचच्या आत सामान्य आणि तीसच्या वर तीव्र मानतात. यजमानांचा आकडा २८ आला. घसा मिटला की रक्तातील प्राणवायू घसरतो, मेंदू झोप मोडून श्वास सुरू करतो आणि प्रत्येक वेळी रक्तदाब उसळतो. वर्षानुवर्षे हे चालले तर हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले.

पहिला उपाय म्हणून मुखवट्यातून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र सुचवले गेले, पण तीन महिने प्रयत्न करूनही यजमानांना मुखवटा लावून झोप येईना. तेव्हा हलकी भूल देऊन, झोपेत घसा नेमका कुठे मिटतो हे दुर्बिणीने पाहण्यात आले. अडथळा टाळू आणि मोठ्या टॉन्सिलपाशी होता, जिभेच्या मुळाशी नव्हता, म्हणूनच टॉन्सिल काढून मऊ टाळू व पडजिभेची फेररचना करण्याचा निर्णय झाला. डॉक्टरांची ही चिकाटी मला सर्वांत मोलाची वाटली.

उणीव एकच, पण मोठी : वेदनेची पुरेशी कल्पना दिली गेली नाही. बारा दिवस थंड दूध आणि गार वरणभातावर काढावे लागले, गिळताना कानापर्यंत कळ जाई आणि पाणी कधी नाकातून येई. हे तात्पुरते असते, एवढे आधी सांगितले असते तरी आमच्या रात्री भीतीत गेल्या नसत्या.

चार महिन्यांनी आकडा ९ वर आला आहे. वजन उतरवायचे अजून बाकी आहे आणि वर्षभराने पुन्हा तपासणीला बोलावले आहे.