नेरूळमधलं दस्त नोंदणीचं एक कार्यालय

रीसेलचं घर घेत असाल तर दस्त नोंदणीचं काम करणाऱ्या नेरूळ पूर्वेच्या या वकीलबाईंकडे डोळे झाकून जा. स्टेशनजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर बसतात. फी आधीच कागदावर लिहून देतात, नंतर वर एक रुपया मागत नाहीत.

काम चोख. घर माझ्या एकटीच्या नावावर, म्हणून मुद्रांक शुल्कातली बायकांची 1 टक्का सवलत त्यांनी आपणहून लावली. एजंटने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पण खरं मोल त्यांच्या समजावण्याचं. माझ्याआधी बसलेले काका मुद्रांक शुल्काच्या चलनाचा आकडा बघून तापले. "घाम गाळून घर घ्यायचं मी, आणि हप्ता सरकारला?" बाई म्हणाल्या, "काका, उद्या कुणी कुलूप तोडून आत बसलं तर काय दाखवाल? घाम की इंडेक्स टू?" (इंडेक्स टू म्हणजे दस्त नोंदल्याचा सरकारी उतारा.)

मला हे शंभर टक्के पटलं. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे घरविक्रीचा दस्त नोंदवावाच लागतो. त्या कागदामागे कोर्ट उभं आहे आणि कोर्टामागे पोलीस. ते नसतील तर माझ्याकडे उरते नुसती चावी, आणि चावी कुणीही बनवून घेतं. मालमत्ता कर थकला की महापालिका जप्ती आणते, ती जबरदस्ती आपल्याला लगेच टोचते. दुसऱ्याला माझ्या दारात अडवणारी ताकदही तीच आहे, तिचा खर्च मग कोण देणार?

माझं आजोळ उरणजवळच्या जासईचं. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी सरकारने कायद्याने घेतल्या. जानेवारी 1984 मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, 5 जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. ज्या शहरात मी घर घेतलं ते अशा जमिनीवर उभं आहे, त्यामुळे "माझं ते माझं, सरकारचा काय संबंध" हे माझ्या तोंडून निघणार नाही. कर भरायचा, आणि तो कुठे खर्च होतो हे हक्काने विचारायचं.

बसायला तिथे जागा फारच कमी आहे, वयस्कर माणसांना जिना त्रासाचा. फोनपेक्षा व्हॉट्सॲपवर लवकर उत्तर येतं. जाताना मालमत्ता कराची शेवटची पावती आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र न्या. इमारत सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल तर पट्ट्याची किती वर्षं उरलीत, हे टोकन (बयाणा) देण्याआधीच त्यांच्याकडून तपासून घ्या.