साधं गिट जीसी की अ‍ॅग्रेसिव्ह?

गिटचा रेपो (कोड आणि त्याच्या बदलांचा सगळा इतिहास जिथे राहतो ती जागा) फुगला की कुणीतरी सल्ला देतंच, "अ‍ॅग्रेसिव्ह मार, जागा होईल."

साधं गिट जीसी, म्हणजे गिटची साफसफाईची कमांड, सुटे ऑब्जेक्ट (फाइलींच्या आवृत्त्या आणि बदलांच्या नोंदी) पॅकफाइल या एकत्र फाइलमध्ये बांधतं आणि आधी काढलेले डेल्टा (मिळत्याजुळत्या ऑब्जेक्टमधले फरक) शक्यतो तसेच वापरतं, म्हणून लवकर उरकतं. सुटे ऑब्जेक्ट साधारण ६७०० च्या वर गेले की काही कमांड देताना गिट ते आपणहून चालवतं.

अ‍ॅग्रेसिव्ह हा त्याच कमांडचा पर्याय मात्र जुने डेल्टा टाकून सगळं पहिल्यापासून मांडतो. एरवी प्रत्येक ऑब्जेक्टची तुलना १० शेजाऱ्यांशी होते, इथे २५० शी. मोठ्या रेपोवर यात तास जाऊ शकतात. २००७ मध्ये जीसीसी कंपायलरच्या रेपोची चर्चा चालू असताना खुद्द गिटचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या पर्यायावर टीका केली होती. सबव्हर्जन या गिटसारख्याच जुन्या प्रणालीतून नुकताच आयात केलेला इतिहास असेल, डेल्टाच सुमार असतील, तर एकदा चालवायला हरकत नाही. दर आठवड्याला आपोआप चालावं म्हणून क्रॉनमध्ये लावणं म्हणजे हौस!

चुकून कमिट झालेला जुना व्हिडिओ दोन्हींपैकी कशानेही जात नाही. तो इतिहासात आहे तोवर गिटच्या लेखी तो कचरा नाही. त्यासाठी फिल्टर-रेपो या वेगळ्या साधनाने इतिहासच नव्याने लिहावा लागतो, तोही टीमला आधी सांगून.