भारतातून कुत्रा घेऊन राहायला जायचं तर जर्मनी की ऑस्ट्रेलिया?

जर्मनी त्यातल्या त्यात सोपं. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, त्यानंतर किमान 30 दिवसांनी लस लागू झाली का ते बघायला रक्त तपासायला द्यायचं, आणि रिपोर्ट चांगला आला तरी रक्त घेतल्यापासून 3 महिने थांबायचं, म्हणजे व्हिसाच्या आधी कुत्र्याचं सुरू करा! तिथे कुत्र्यावर टॅक्सपण आहे हां, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला 120 युरो.

ऑस्ट्रेलियाचं मात्र अवघडच, भारतातून थेट नेताच येत नाही, मधे ऑस्ट्रेलियाला मान्य असलेल्या दुसऱ्या देशात काही महिने ठेवावं लागतं आणि वर मेलबर्नजवळ मिकलहॅमला क्वारंटाईन, किमान 10 दिवस. म्हातारा कुत्रा असेल तर मी तरी नाही नेणार, आई-बाबांकडेच ठेवेन.