घर साधं, पण आई पाण्यापर्यंत पोचली

नोव्हेंबरात बेळगावहून आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बाजूला गेलो, पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या या घरी दोन रात्री राहिलो. खोली स्वच्छ, बांगडा ताजा, सोलकढी मी दोनदा मागून घेतली. पण मला लिहायचंय ते मागच्या दारातून समुद्रावर जाणाऱ्या वाटेबद्दल.

आई ७४ वर्षांची, गुडघे गेलेले. मागच्या वर्षी दुसऱ्या एका किनाऱ्यावर सगळीकडे दगड रचलेले, उतरायला वाटच नाही. आई गाडीत बसून नुसती गाज ऐकत राहिली. ते मला अजून खातंय.

खानापूर भागात तलावांच्या बांधांवर मी २२ वर्षं पिचिंगची, म्हणजे उतारावर दगड बसवायची, कामं केली. त्यामुळे बांध दिसला की आधी त्याचा पाय बघतो. इथं किनाऱ्याला पूर्वी सिमेंटची उभी भिंत होती, ती कलंडली, असं घरच्या काकी म्हणाल्या. कलंडणारच. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट मागं फिरताना पायथ्याची वाळू उकरून नेते. आता उतार काढून फिल्टर कापड घातलंय, त्यावर खडी, वर ओबडधोबड मोठे दगड एकमेकांत अडकवलेत. जांभा नाही, काळा दगड. फटींत शिरून लाट दमते आणि कापडामुळं आतली माती निसटत नाही. वरच्या अंगाची मर्यादवेलही राखलीय, वाळू धरणारी तीच.

या बांधातच पायऱ्या आहेत आणि शेजारी उतरण. टेप लावून मोजली: १ फूट उतरायला १२ फूट लांबी. उतरणीच्या टोकापर्यंत आईची व्हीलचेअर मी एकट्यानं नेली. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या ओढायला वेगळी मोकळी जागा सोडलीय, ते बघून फार बरं वाटलं. त्या मच्छीमारांचं पोट त्या वाळूवर आहे.

एक चूक मात्र आहे. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, ती उन्हाळ्यापर्यंत हळूहळू परत भरते. उतरण बांधलीय ती भरलेल्या वाळूच्या पातळीपर्यंतच. आम्ही गेलो तेव्हा वाळू हातभर खाली होती. काकींच्या मुलानं फळी आणली, दोघांनी आईला उचलून उतरवलं. पिचिंगचा पाय जसा सगळ्यात खालच्या पातळीच्याही खाली नेतात, तशीच उतरणही न्यायला हवी होती. पुढच्या पावसाआधी ती वाढवावी, ही कळकळीची विनंती.

आई अर्धा तास पाण्यात उभी होती, माझा दंड धरून. परत चल म्हणालो तर ऐकेना.

कुणाला गुडघ्यांचा त्रास असेल तर एप्रिलात जा, आणि निघण्याआधी काकींना ओहोटीची वेळ विचारून घ्या.