चुनकळी, घमेलं आणि गप्प बसायचं प्रशिक्षण

या प्रशिक्षणाला पाचपैकी साडेतीन गुण. आधीच सांगून टाकते, म्हणजे घाई असलेल्यांची सुटका.

मे महिन्यात होटगी रोडला एका शाळेच्या हॉलमध्ये पर्यायी शाळांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय होता, तेरा ते सोळा वयाच्या मुलांना विज्ञान ‘समग्रपणे’ कसं शिकवायचं. फी २,४०० रुपये, जेवण-चहा धरून. आम्ही २६ जण होतो. सोलापूरचा मे, त्यात दुपारी दोनला लाईट जायची. पण जेवणाला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही होतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड उघडलं तरी घास आत जायचा.

माझ्याविषयी थोडं. बावीस वर्षं अनुदानित हायस्कूलला विज्ञान शिकवलं. पोर्शन संपवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. चार वर्षांपूर्वी ते सोडून अक्कलकोट रोडकडच्या एका छोट्या शाळेत आले. एकतीस मुलं. घंटा नाही, गणवेश नाही, आणि प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. तिथे माझी जुनी हातोटी चालेना, म्हणून या प्रशिक्षणाला गेले.

सकाळी गोलात उभं राहून गाणी, टाळ्या, डोळे मिटून श्वास. पर्यायी शाळांच्या रिवाजाप्रमाणे सगळे ताई आणि दादा. माझे गुडघे दुखतात. मी खुर्चीत बसूनच समग्र झाले.

खरा माल साडेदहानंतर. प्रशिक्षक ताईंनी लोखंडी घमेल्यात चुनकळीचे, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुनखडीचे, चार खडे ठेवले आणि वरून पाणी ओतलं. क्षणभर काहीच नाही. मग तडतड, खड्यांना भेगा, वाफेचा लोट, आणि बघता बघता दगडाचं पीठ. घमेल्याची कड हात लावता येईना इतकी तापली. ताईंनी विचारलं, “काय झालं?” मी पहिल्या रांगेत. लगेच म्हणाले, “उष्मादायी अभिक्रिया.” म्हणजे जिच्यात उष्णता बाहेर पडते ती.

“ती तुम्हाला दिसली?”

हॉलमध्ये खसखस पिकली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण नियम असा होता, की पहिल्या दिवशी वहीत फक्त जे दिसलं, ऐकू आलं, हाताला लागलं, नाकाला जाणवलं तेच लिहायचं. ‘कारण’ आणि ‘म्हणून’ हे दोन शब्द बंद. लिहून झालं की वही मिटायची, घरी जायचं, झोपायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी वही न उघडता आठवून क्रमाने सांगायचं, आणि मगच अर्थाला हात घालायचा.

दुसऱ्या दिवशी गंमत झाली. आधी भेग पडली की आधी वाफ आली, यावर हमरीतुमरी. सव्वीस शिक्षक, बहुतेक बी.एस्सी. झालेले, आणि एका घमेल्याच्या चार हकिकती. शेवटी प्रयोग पुन्हा करायला लागला, आणि या वेळी कुणी पापणी लववली नाही. बावीस वर्षांत माझ्या एकाही वर्गाने असं बघितलं नव्हतं, कारण समीकरण मी आधीच फळ्यावर लिहून ठेवायचे.

तिथून गाडी पुढे गेली. चुन्याची निवळी, म्हणजे चुन्याचं वरचं नितळ पाणी, केली, नळीने फुंकर मारली, दुधाळ झाली. सांगोल्याकडचे एक सर फुंकतच राहिले, तर दुधाळ झालेली निवळी पुन्हा नितळ झाली. ते पुस्तकात आहे, पण पोर्शनच्या नादात तिथपर्यंत फुंकतो कोण? दुधाळ निवळीत खाली बसतो तो साका म्हणजे परत चुनखडीच. भट्टीत गेलेला दगड पाण्यातून आणि आपल्या श्वासातून फिरून पुन्हा दगड झाला, हे ताईंनी सांगितलं नाही; मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, पहिल्याच वर्षाची शिक्षिका. मग हळदीच्या कागदावर चुना लावला, लाल. आमच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, हळदीला चुना लावून कुंकू करायची रीत ठाऊक आहे, आणि तरी मी वर्षानुवर्षं ‘हळद हा नैसर्गिक दर्शक’ एवढंच लिहून देत आले. कुंकवाचं नाव कधी काढलं नाही.

आता कमी पडलं ते. ही पद्धत ज्यांच्या विचारातून आली ते ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टाइनर, त्यांची पहिली शाळा १९१९ सालची, जर्मनीत श्टुटगार्टला. त्यांचं सात-सात वर्षांच्या टप्प्यांचं गणित, चौदाव्या वर्षी स्वतःची विचारशक्ती जागी होते वगैरे, यावर अख्खी दुपार गेली. चौदाव्या वाढदिवसाला बटण दाबल्यासारखं काही होत नाही, हे कुठल्याही आईला विचारा. पण त्यातच ताई एक वाक्य बोलून गेल्या. ती शाळा एका सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली होती.

मी ताठ बसले. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या आया विड्या वळतात. सूप मांडीवर, तेंदूचं पान रात्री भिजत घातलेलं, मजुरी हजार विड्यांमागे. तंबाखूच्या कामगारांची पोरं हा जर या पद्धतीचा जन्मच असेल, तर सोलापुरात याहून मोठा धागा कोणता? मी हात वर केला. “छान निरीक्षण,” असं म्हणून पुढची स्लाईड. आपल्याकडे १९७२ पासून तीस वर्षं मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या सरकारी शाळांत मुलांनी प्रयोग करून विज्ञान शिकलं, १९८३ पासून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांच्या विज्ञान आश्रमात हाताने काम करत शिक्षण चाललं. तीन दिवसांत या दोघांचं नावही निघालं नाही.

दुसरी गोष्ट माफ करणार नाही. चुनकळीचा प्रयोग आणि डोळ्यांना लावायचे चष्मे चार. सव्वीस माणसांत चार! चुना डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. खडा-कण काढून भरपूर पाण्याने ताबडतोब आणि बराच वेळ डोळा धुवायचा, मग दवाखाना, हे घमेलं पुढे ओढण्याआधी सांगायला हवं होतं. मी विचारल्यावर सांगितलं.

जूनमध्ये आठवीला तेच केलं, चष्मे विकत घेऊन. खडे बघताच वर्गात तीन भाषा सुरू झाल्या. कुणी चुना म्हणे, तेलुगू घरातली पोरं सुन्नम, आणि अक्कलकोटकडचा एक जण सुण्ण. प्रयोग संपल्यावर मी ओठ शिवून बसले. फार कठीण जातं ते. मुलं “मॅडम, सांगा की” म्हणत मागे लागली, आणि मी फळा पुसत राहिले, कोरा फळा.

चौथ्या दिवशी एका मुलीने बाटली आणली. अम्मा पान भिजवते ते पाणी, चहासारखं तांबूस. “मॅडम, हे निवळीत टाकू?” टाकलं, तर रंग आणखी गडद झाला. मग तिनेच विचारलं, दिवसभर या ओल्या पानात आणि तंबाखूत हात असतात, तर ते हातातून आत जातं का? निकोटिन कातडीतून जातं, हे मला माहीत होतं. रंग का गडद झाला, हे छातीठोक सांगता येईना. मी म्हटलं, उद्या. रात्री दहापर्यंत पुस्तकं उलटत बसले होते, टॅनिनपाशी, म्हणजे पानातल्या तुरट द्रव्यापाशी, पोचले तेव्हा यजमान जेवून झोपले होते.

जायचं असेल त्यांच्यासाठी. रसायन आणि जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी जरूर जावं. भौतिकशास्त्राला अर्धा दिवसच मिळाला, तोही आवाज आणि वाळूच्या नक्ष्यांवर आटोपला. बोलणं हिंदीत, मध्ये मध्ये इंग्रजी. नोट्स सगळ्या इंग्रजीत, मराठीत द्या असं आम्ही सात जणांनी लिहून दिलं आहे. पुढची फेरी दिवाळीच्या सुट्टीत आहे म्हणतात. चष्मा आपला आपण न्या, आणि नायलॉनची साडी नेसू नका.