परंपरा ओळखून ग्रंथसंच निवडावा : लोगोस आणि व्हर्बम यांच्या संग्रहांविषयी

पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी असलेले लोगोस हे सॉफ्टवेअर १९९२ पासून उपलब्ध असून ते तयार करणाऱ्या कंपनीचा कारभार अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम शहरातून चालतो. मूळ ॲप विनामूल्य मिळते. पैसे मोजावे लागतात ते ग्रंथांसाठी. हे ग्रंथ सुटेही घेता येतात, पण बहुतेक पाळक आणि सेमिनरीचे (धर्मशिक्षण महाविद्यालयाचे) विद्यार्थी तयार संच घेतात. संच परंपरेनुसार वेगवेगळे आहेत : अँग्लिकन, बॅप्टिस्ट, लुथरन, मेथडिस्ट, ऑर्थोडॉक्स, पेंटेकॉस्टल, रिफॉर्म्ड आणि अ‍ॅडव्हेंटिस्ट. कॅथलिकांसाठी याच कंपनीचे व्हर्बम आहे. प्रत्येक परंपरेत स्टार्टर, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा चढत्या पायऱ्या असतात आणि पायरीगणिक ग्रंथांची संख्या वाढत जाते.

या संख्येवर भुलू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. शेकडो शीर्षकांच्या यादीत स्वामित्वहक्क संपलेली एकोणिसाव्या शतकातील पुस्तके बरीच असतात आणि ती इतरत्र मोफत वाचता येतात. अमेरिकेतील कॅल्व्हिन विद्यापीठाशी निगडित असलेल्या ‘ख्रिश्चन क्लासिक्स इथिरियल लायब्ररी’ या संकेतस्थळावर सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांची भाष्ये इंग्रजीत विनाशुल्क आहेत. चर्चचे इतिहासकार फिलिप शाफ यांच्या संपादनाशी जोडली गेलेली आद्य धर्मपित्यांची, म्हणजे पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती लेखकांची, अडतीस खंडांची मालिकाही तेथे आहे. मूळ हिब्रू व ग्रीक शब्द पाहण्यापुरतीच गरज असेल, तर केंब्रिजच्या टिंडेल हाउस या बायबल-संशोधन संस्थेने तयार केलेले स्टेप बायबल पुरेसे आहे आणि तेही मोफत आहे. त्यामुळे संच घेताना आपण नेमके कशाचे पैसे देत आहोत, हे आधी ठरवले पाहिजे. माझ्या मते पैसे द्यावेत ते दोन गोष्टींसाठी : गेल्या पन्नास-साठ वर्षांतील भाष्ये, जी अन्यत्र फुकट मिळत नाहीत, आणि सर्व ग्रंथांना वचनांशी जोडणारी यंत्रणा.

ही यंत्रणा खरोखर मोलाची आहे. एखादे वचन टाकले की ‘पॅसेज गाइड’ आपल्या मालकीच्या सर्व ग्रंथांतील त्या वचनावरचे विवेचन समोर आणते. त्यातील पद्धतशीर ईश्वरविज्ञानाचा विभाग आणि विश्वासांगीकारांचा (चर्चने आपला विश्वास मांडणाऱ्या अधिकृत दस्तऐवजांचा) विभाग परंपरेनुसार गट करून दाखवतात. मी कोणताही संच पारखताना मत्तय १६:१८ हे पेत्र आणि खडक यांविषयीचे वचन घेतो (‘या खडकावर मी आपली मंडळी, म्हणजे चर्च, रचीन’ असे येशू तेथे पेत्राला म्हणतो), कारण येथे परंपरांच्या वाटा स्पष्ट वेगळ्या होतात. कॅथलिक संग्रहात हे वचन पोपपदाच्या अधिकाराकडे नेते. आद्य धर्मपित्यांत योहान क्रिसोस्तोम मत्तयावरील प्रवचनांत खडक म्हणजे पेत्राने कबूल केलेला विश्वास, असा अर्थ लावतात. ही प्रवचने वाचनात आली की प्रॉटेस्टंट अभ्यासकाला खडक म्हणजे विश्वास हे आपले वाचन सोळाव्या शतकात जन्मलेले नाही हे कळते आणि कॅथलिक अभ्यासकाला धर्मपित्यांमध्येही एकच सूर नव्हता हे दिसते. ज्या संचात अशा एका वचनावर निदान दोन परंपरांचे गंभीर विवेचन मिळत नाही, तो संच कितीही मोठा असला तरी अभ्यासाला तोकडा पडतो.

कॅथलिक वाचकाने व्हर्बमच घ्यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जुन्या करारातील तोबित, यहूदीथ, मक्काबी इत्यादी ग्रंथ धरून त्र्याहत्तर पुस्तकांचा कॅनन (अधिकृत ग्रंथसूची), १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (कॅटेकिझम), १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दस्तऐवज आणि मध्ययुगीन ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनस यांचे लेखन हा त्या अभ्यासाचा कणा आहे, आणि तो प्रॉटेस्टंट संचात शोधत बसण्यात अर्थ नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. वर उल्लेखिलेल्या मालिकेतील निकियापूर्व (इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेपूर्वीच्या) धर्मपित्यांच्या खंडांची अमेरिकन आवृत्ती आर्थर क्लीव्हलंड कॉक्स या एपिस्कोपल (अमेरिकेतील अँग्लिकन) बिशपांनी संपादित केली असून त्यांच्या टिपांत रोमन कॅथलिक चर्चविरोधी भूमिका उघडपणे येते. मूळ धर्मपित्याचे शब्द कोणते आणि संपादकाची टीप कोणती, हे पडद्यावर वाचताना सहज निसटते. छापील पानावर तळटीप निदान डोळ्यांना वेगळी दिसत असे.

लुथरन परंपरेत १५८० चे कॉन्कॉर्डचे पुस्तक (लुथरन विश्वासांगीकारांचा संग्रह) आणि लुथर यांचे निवडक ग्रंथ नसतील, तर त्या संचाला लुथरन म्हणणे कठीण आहे. रिफॉर्म्ड संचात हायडेलबर्गची १५६३ ची प्रश्नोत्तरी आणि वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार हे दोन दस्तऐवज असलेच पाहिजेत. कॅल्व्हिन यांची भाष्ये मोफत मिळतात हे वर सांगितलेच आहे, म्हणून येथे पैसा डच ईश्वरविज्ञानी हर्मन बाविंक यांच्या ‘रिफॉर्म्ड डॉग्मॅटिक्स’च्या चार खंडांसारख्या ग्रंथांवर खर्च करावा. मेथडिस्ट वाचकाला या परंपरेचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांची प्रवचने आणि नव्या करारावरील १७५५ ची टिपणे पुरेशी वाटतील, तरी त्यांच्या जोडीला एखादे आधुनिक भाष्य घेतल्याशिवाय रविवारचा उपदेश तयार करणे अवघड जाते. ऑर्थोडॉक्स अभ्यासकाने जुन्या कराराचे सेप्टुअजिंट हे प्राचीन ग्रीक भाषांतर आणि ग्रीक धर्मपिते हा भाग प्रथम पाहावा.

पेंटेकॉस्टल संचाविषयी मराठी वाचकाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. या चळवळीचा इतिहास बहुधा १९०६ च्या लॉस एंजेलिस येथील अझुसा स्ट्रीटवरच्या आत्मिक जागृतीपासून सांगितला जातो. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अशी जागृती झाली ती १९०५ मध्ये, आणि तेथे काम करणाऱ्या मिनी अ‍ॅब्रम्स यांनी त्यावर १९०६ मध्ये पुस्तक लिहिले. जो संग्रह पेंटेकॉस्टल इतिहासाचा दावा करतो, त्यात केडगावचा शोध घेऊन पाहावा. त्या एका शब्दावरून संग्राहकाची दृष्टी कळते.

सर्वांत अवघड प्रश्न आपल्याकडील चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पाळकांचा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे हे चर्च अस्तित्वात आले तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट असे प्रवाह एकत्र आले. एकट्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) परिसरात अमेरिकन मराठी मिशनचा काँग्रिगेशनल वारसा आणि एसपीजी (सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल) या मिशनरी संस्थेचा अँग्लिकन वारसा शेजारी शेजारी नांदला आहे. अशा पाळकाला एका परंपरेच्या नावाचा मोठा संच घेणे परवडणारेही नाही आणि योग्यही नाही. मी सुचवेन की उपासनेच्या दृष्टीने अँग्लिकन परंपरेचा सर्वांत लहान संच घ्यावा, त्यात रिफॉर्म्ड परंपरेतील दोन-तीन चांगली भाष्ये सुटी जोडावीत आणि उरलेले मोफत संकेतस्थळांवरून वाचावे. आधीच मालकीच्या असलेल्या ग्रंथांची किंमत पुढचा संच घेताना वजा होते, त्यामुळे लहान सुरुवात करण्यात नुकसान नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून लोगोसने नवी साधने मुख्यतः वर्गणीच्या स्वरूपात द्यायला सुरुवात केली. वर्गणी थांबवली तरी विकत घेतलेले ग्रंथ आपलेच राहतात, पण किमती डॉलरमध्ये असतात आणि मराठी मंडळीच्या मानधनावर जगणाऱ्या पाळकाला दरमहाची वर्गणी जड जाते. अशा पाळकाने वर्गणीच्या मागे न लागता ठरावीक ग्रंथ एकदाच विकत घ्यावेत. ग्रंथ जवळजवळ सर्व इंग्रजीत आहेत, ही दुसरी मोठी अडचण आहे. तिच्यावर एक उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे : संगणकावरील आवृत्तीत आपल्या वर्ड फाइलपासून वैयक्तिक ग्रंथ तयार करता येतो. आपली मराठी प्रवचने आणि मराठी टिपणे अशा रीतीने भरून त्यातील वचनांचे संदर्भ जोडून ठेवले, तर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उघडल्यावर इंग्रजी भाष्यांच्या शेजारी आपल्याच मंडळीत दहा वर्षांपूर्वी केलेला उपदेशही समोर येतो.