बस्टर कीटनचा संच, आठ महिने वापरून

पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर दोन तारे देऊन मोकळा झालो असतो. बस्टर कीटन या जुन्या अमेरिकन विनोदी नटाच्या मूकपटांचा ब्लू-रे संच इंग्लंडहून मागवला, खोकं फोडलं, डिस्क घातली, आणि पडद्यावर संदेश आला की ही डिस्क या प्रदेशात चालणार नाही. ब्लू-रेवाल्यांनी जगाची वाटणी केली आहे: अमेरिका 'ए', इंग्लंड 'बी', आपण 'सी'. हे विकत घेण्याआधी वाचायचं असतं. मी नंतर वाचलं. शेवटी सगळ्या प्रदेशांच्या डिस्क चालवणारा प्लेअर वेगळा घेतला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्यात डबीतली एका डिस्कची मधली पकड तुटलेली निघाली, ती डिस्क अजून कागदी पाकिटात आहे. विक्रेत्याला दोनदा कळवलं, उत्तर नाही.

दुसरी चूक माझीच. सुरुवात 'द जनरल'पासून केली, कारण जो तो त्याचंच नाव घेतो. विसाव्या मिनिटाला मुलगा उठून गेला, आई डुलक्या घ्यायला लागली. मूकपट म्हणजे चॅप्लिन आणि जाड्या-रड्या एवढीच आमच्या घराची ओळख. हा न हसणारा, चपट्या टोपीचा माणूस कुणाला पटेना.

घर वळलं ते 'वन वीक'मुळे. १९२०ची, दोन रिळांची, वीसएक मिनिटांची गोष्ट. नव्या जोडप्याला आहेरात घर मिळतं, पण सुटं, खोक्यांत भरलेलं. खोक्यांवरच्या आकड्यांप्रमाणे जोडत जायचं. नवरीवर डोळा असलेला एक गडी रंगाचा डबा घेऊन १चा ४ आणि ३चा ८ करून ठेवतो. मग जे घर उभं राहतं त्यात वरच्या मजल्यावरचं एक दार थेट हवेत उघडतं. आमचं घर बांधताना ठेकेदाराने जिना अशा ठिकाणी आणला होता की वर पोचलं की कपाळ तुळईला. आई पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा आपलाच ठेकेदार." तिथून पुढे तिला झोप आली नाही.

त्यातली आगगाडीची गंमत मी आता तीसेक वेळा तरी पाहिली असेल, मुलाच्या कृपेने. घर दुसऱ्या जागेवर ओढून नेताना रुळांवर अडकतं. गाडी येते. दोघं ढकलून पाहतात, हलत नाही, शेवटी बाजूला होऊन डोळे झाकतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. दोघं सुस्कारा सोडतात, आपणही सोडतो, आणि उलट्या बाजूने दुसरी गाडी येऊन घराच्या चिंधड्या उडवते. मला वाटलं होतं, ही गंमत एकदाच चालणार. दुसरी गाडी येणार हे कळलं की संपलं. आमच्याकडे उलटं झालं. मुलगा आता पहिल्या गाडीलाच हसायला लागतो. त्या दोघांना माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, यातली मजा पहिल्या खेपेला मिळतच नाही. नव्या विनोदी मालिकांचे भाग आम्ही दुसऱ्यांदा लावत नाही. ही डिस्क झिजायची काय ती बाकी आहे.

चित्राबद्दल. फुकटात हे सगळे चित्रपट यूट्यूबवर आहेत, मग पैसे कशाला, असं मेहुण्याने विचारलं. त्याला दोन्ही लागोपाठ दाखवले. कॅमेरा तेव्हा हाताने फिरवत, सेकंदाला बऱ्याचदा चोवीसपेक्षा कमी चौकटी घेत. तीच फीत चोवीसच्या वेगाने पळवली की माणसं लाकडी बाहुल्यांसारखी तुरुतुरु चालतात. जुने विनोदी चित्रपट म्हणजे घाईघाईत पळणारी माणसं, हा आपला समज बराचसा तिथून आला. पाठलागात कॅमेरामन मुद्दाम हळू फिरवायचे, त्यामुळे थोडी घाई त्यांनीच घातलेली आहे, ती राहू द्यावी. पण नीट वेगात आणि स्वच्छ प्रतीत कीटनची चाल दिसते, थबकणं दिसतं. चेहरा दगडी आहे म्हणतात; डोळे अजिबात दगडी नाहीत, आणि धुरकट प्रतीत नेमके तेच जातात.

आवाजाबद्दल लिहायचं म्हणजे कठीणच. संगीत नंतरच्या लोकांनी दिलेलं आहे, काही ठिकाणी बरं, काही ठिकाणी इतकं उत्साही की हसायची सूचना दिल्यासारखं वाटतं. आम्ही ते बहुतेक बंदच ठेवतो. आईला ऐकू कमी येतं. इतर वेळी टीव्ही लागला की तिचं "काय म्हणाला?" सुरू होतं आणि कुणीतरी वैतागतं. इथे ती यंत्र काढून ठेवते आणि आम्हा सगळ्यांएवढंच तिला कळतं, कधी आमच्या आधी. मधल्या इंग्रजी पाट्या मुलगा वाचतो, मी मराठीत सांगतो. तेही फारसं करावं लागत नाही. इतरांच्या चित्रपटात सरासरी २४० पाट्या असत, आपण जास्तीत जास्त ५६ वापरल्या, असं कीटन सांगत असे. शिवाय रात्री अकराला लावला तरी शेजारी दार वाजवत नाहीत.

आता कीटनच्या त्या प्रसिद्ध भिंतीबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. 'स्टीमबोट बिल ज्युनियर', १९२८. वादळात घराची दर्शनी भिंत अख्खी कोसळते आणि उघड्या खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे कीटन वाचतो. भिंत खरी, दोनेक टन वजनाची, दोन्ही बाजूंना काही इंचांची फट. मी ती चौकट-चौकट करून पाहिली. थक्क व्हायला होतंच. पण आठ महिन्यांनंतर मला ती सर्वांत आवडती वाटत नाही. धाडस एकदा डोळ्यांत भरलं की भरलं.

माझी आवडती गंमत 'शेरलॉक ज्युनियर'मधली, १९२४ची, केरकचऱ्याची. चित्रपटगृहातला हा झाडूवाला-कम-प्रोजेक्शनवाला केर काढताना एक डॉलर सापडून खूश होतो. एक मुलगी येते, माझा हरवला म्हणते. हा विचारतो, कसा होता? आणि देऊन टाकतो. मग रडत म्हातारी येते, तिचाही हरवलाय. तिला स्वतःच्या खिशातला देतो. मग एक दांडगा येऊन केर उपसायला लागतो. हा न विचारताच त्याच्यापुढे डॉलर धरतो. तो नको म्हणतो, ढिगातून नोटांनी फुगलेलं स्वतःचं पाकीट काढतो आणि निघून जातो. मग कीटन त्या केराकडे ज्या आशेने वळतो! याच चित्रपटात रेल्वेच्या टाकीतून कोसळलेल्या पाण्याने रुळावर आपटून त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं, आणि ते कित्येक वर्षांनी क्ष-किरणांत उघड झालं.

खटकलेलं सांगायलाच हवं. 'सेव्हन चान्सेस'मध्ये गोरा नट तोंडाला काळं फासून नोकर झाला आहे, 'कॉलेज'मध्ये खुद्द कीटन. मुलाला थांबवून सांगावं लागलं की हे का वाईट. 'द जनरल'चा नायकही अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा. १९२८मध्ये कीटन मोठ्या कंपनीच्या नोकरीत गेला. 'द कॅमेरामन' सोडला तर पुढचं शोधत बसू नका.

'द जनरल' सहाव्या महिन्यात परत लावला. शत्रूने पळवलेलं नायकाचं इंजिन उत्तरेला पळतं, मग तेच दक्षिणेला, आणि जाताना जे जे याच्यावर ओढवलं ते येताना हा शत्रूवर उलटवतो. एकदाच पाहून हे मला तरी दिसलं नव्हतं. जळत्या पुलावरून नदीत पडणारी गाडी खरी आहे. १९२६मध्ये ऑरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हजवळ पाडली आणि दुसऱ्या महायुद्धात भंगारात जाईपर्यंत इंजिन तिथेच पडून होतं. यावेळी मुलगा उठला नाही. नायिका धावत्या इंजिनाच्या भट्टीत काडीएवढं लाकूड टाकते आणि कीटन चिडून तिचा गळा धरतो, मग मुका घेतो, तिथे बायको माझ्याकडे बघून हसली. कारण विचारलं नाही.

गेल्या रविवारी पुन्हा 'वन वीक'. शेवटी भंगार झालेल्या घरावर कीटन 'विकणे आहे'ची पाटी लावतो, निघतो, काहीतरी आठवून मागे येतो आणि घर जोडायच्या सूचनांचा कागद पाटीला अडकवून बायकोचा हात धरून चालू लागतो.

"बघ," आई म्हणाली, "कागदपत्रं तरी पूर्ण दिली ह्याने."